लाखावर एक

सासूनं ओंजळीत पाणी धरलं होतं आणि ते बोटांच्या फटींतून गळत होतं. कार्तिकी पुनवेची सकाळ होती. नदीकडून गार वारा येत होता आणि आमच्या गल्लीतल्या साऱ्या बाया देवळाच्या पायऱ्यांवर पदर आवळून उभ्या होत्या. पुजारी म्हणाले, पाणी सरायच्या आत आकडा बोला, आजी.

"लाख वाती," सासू म्हणाली. मग मान वळवून तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पुढचं बोलली. "लाख आणि वर एक. माझा संपत घरी यावा म्हणून."

तिनं ओंजळ सोडली. पाणी दगडावरून वाहून गेलं.

वरचा एक म्हणजे काही नवल नव्हतं. आमच्या नांदखेडीत देवाला बोललेला आकडा शून्यावर सोडत नसत. अकरा बोलायचे, एकवीस बोलायचे, एकशे एक बोलायचे. शून्यावर थांबलं की देणं थांबलं, अशी समजूत. तेव्हा लाखावर एक आला तो रीतीनंच आला, असं मीही धरून चालले.

माझा नवरा दोन वर्षांमागं चांद्याकडं कोळशाच्या खाणीत कामाला गेला होता. घरी होता तोवर त्याचा हात आईवरही उठायचा नि माझ्यावरही. गेल्यावर पहिल्या पोळ्याला आला, दुसऱ्याला आला नाही. गावातला एक जण तिकडंच कामाला होता. त्यानं येऊन सांगितलं की संपतनं तिथं घर केलं आहे, बाई आहे, पाळणा हलतो. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. सासूसमोर कोणी बोलत नसे, एवढंच.

आणि भाऊबीजेला माझा भाऊ महादेव येऊन गेला होता. त्यानं माझ्यासाठी नागपूरच्या एका दवाखान्यात आयाचं काम पाहून ठेवलं होतं. राहायला खोली, सोबतीला चार बाया. माझा जीव त्या घरात घुसमटत होता हे त्याला दिसत होतं. सासूनं चुलीपुढं बसून सगळं ऐकलं आणि म्हणाली, तुळशीचं लग्न होऊ द्या, मग न्या. मला तर वाटलं पाऊस उघडला. मी दोन लुगडी घडी करून बाजूला ठेवली होती. तुळशीचं लग्न झालं, आणि मग ही पुनव आली.

आता वातींची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नवस एकीनं बोलायचा, पण वाती गल्लीनं वळायच्या, आणि वळायच्या त्या सवाष्णींनी, पायात जोडवी असलेल्या बायांनी. साऱ्यांचा वाटा अगदी सारखा. एकीची एक वात जास्त नको, एकीची कमी नको. सासूच्या सासूच्या काळात म्हणे कोण्या बाईनं पाच वाती जास्त वळल्या, आणि मरेपर्यंत ती त्या घरात येऊन सांगत राहिली, तुमच्या ताटातली भाकर माझ्या पुण्याची आहे. तेव्हापासून हा नेम कडक झाला होता. वळणारीच्या मनगटाला पिवळा दोरा बांधायचा. वाटा पुरा होईतो तिनं नदी ओलांडायची नाही. नदीपलीकडं नागपूरचा रस्ता होता.

गल्लीत सवाष्णी अकरा होत्या, मला धरून. शाळेतल्या घोडमारे गुरुजींना बोलावलं. त्यांनी पाटीवर भागाकार केला आणि खूश होऊन म्हणाले, काय नशीब आहे, बरोबर गेला. एकीला नऊ हजार एक्याण्णव. रोज शंभर वळल्या तर शिवरात्रीच्या आत मोकळ्या व्हाल.

मी भावाला निरोप धाडला की शिवरात्रीपर्यंत थांब. दवाखान्यातल्या मोठ्या बाईनंही तेवढं थांबायचं कबूल केलं.

आंघोळ करून, तोंडात घास न घालता वळायच्या. सकाळी आमच्या ओसरीवर अकराजणी बसायच्या. माझ्या शेजारी द्वारका बसायची, किसन गाडीवानाची बायको. तिच्या जिभेला हाड नव्हतं. संपतच्या नावानं वात वळताना ती हळूच म्हणायची, "ह्या वातीनं येते का पाय त्याचा. ह्याच्यापेक्षा गाडीचा दोर वळून धाडला असता तर बांधून आणता आला असता." मी पदर तोंडात कोंबून हसायची. सासू समोर बसलेली असायची, तिचं लक्ष सदा माझ्या हातांकडं.

मार्गशीर्षात किसनची गाडी कापसाच्या बोज्यासह घाटाच्या उतारावर उलटली. तो खाली सापडला. द्वारकाच्या हातातल्या बांगड्या गेल्या, त्यांच्याबरोबर दोराही गेला.

किसनचे दिवस झाल्यावर बाया पुन्हा ओसरीवर आल्या, पण वाती घेऊन कोणी बसेना. अकराच्या दहा झाल्या होत्या. दुसऱ्या आळीतली सवाष्ण आणावी म्हटलं तर कोण येणार? किसनच्या बायकोच्या रिकाम्या जागेवर बसायला कोणाची छाती नव्हती. वाटा मोडला, नव्यानं पाडा, असं ठरलं. मोडल्या वाट्याच्या वाती देवळात रोजच्या दिव्याला द्यायच्या, त्या मोजणीत धरत नसत. म्हणजे जे वळलं ते गेलं. पुन्हा गुरुजी आले.

त्यांनी पाटी पुसून दहानं भागलं. एक उरला. नऊनं भागलं, दोन उरले. आठात एक, सातात सहा, सहात पाच. गुरुजींच्या कपाळावर घाम आला. पाच नको, चार नको, तीन-दोनही नको. कुठंतरी काहीतरी उरायचंच. एक म्हातारी म्हणाली, दहाजणी करा आणि उरलेली एक वात कोणीही वळा, जीव चालला का तुमचा? सासू म्हणाली, ती एक वात वळणारीनं उद्या माझ्या दारात येऊन भाकर मागायची का?

गुरुजींनी मग बराच वेळ खाली मान घालून आकडेमोड केली. वर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा कोडं सुटल्यासारखा होता आणि थोडा ओशाळलेलाही.

"ह्या आकड्याला चारच दारं आहेत," ते म्हणाले. "लाख असता तर पाहिजे तिकडून वाटला गेला असता, दहात, आठात, पाचात, चारात. तो वरचा एक बसला आणि सगळी दारं लागली. आता तो अकरांत जातो. नऊ हजार एक्याण्णवांत जातो. नाहीतर लाख आणि एक बायांत, एकीला एक. आणि चौथं दार म्हणजे एक. एकटीनं साऱ्या."

एकीनं विचारलं, नऊ हजार बाया कुठून आणता, गुरुजी, लंकेतून? साऱ्या हसल्या. मीही हसले असेन.

सासू हसली नाही. तिनं हसणं सरू दिलं आणि म्हणाली, "मग एक. जिच्या कुंकवासाठी हे सारं चाललं, तिनंच वळाव्या."

मग एकेकीनं हात पुढं केला आणि सासूनं एकेकीचा दोरा सोडला. नऊ दोरे सोडले. माझ्याजवळ आली तेव्हा तिनं जुनी गाठ पाहिली, ढिली वाटली असावी, वर आणखी एक गाठ मारली.

गुरुजी जाताना पायरीवर थांबले आणि माझ्याकडं न पाहता बोलून गेले की रोज शंभर धरल्या तर पावणेतीन वर्षं.

तो भागाकार मी स्वतःच्या हातानं केला तो फार उशिरा, पन्नाशी उलटल्यावर, दवाखान्याच्या मागं प्रौढांचा वर्ग भरायचा तिथं. इतर बाया आपलं नाव लिहायला शिकत होत्या, मी बाईंना म्हटलं, मला लाख आणि एक भागायला शिकवा. एकेका आकड्यानं भागत गेले. गुरुजींची चूक काढता आली असती तर मला बरं वाटलं असतं. चूक नव्हती. चारच दारं होती. पण तेव्हा मला अक्षर येत नव्हतं आणि मी तो आकडा बोटांनी ओळखत होते.

अंगठा आणि तर्जनी यांच्यात राख लावून कापूस ओढायचा, मांडीवर फिरवायचा, टोक मुडपायचं. दहा झाल्या की एक जुडी. दहा जुड्या झाल्या की भाकर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोत्याच्या तळाला माझ्या वाती दिसतही नव्हत्या. मी कधी कधी हात घालून चाचपायची, बुडाचा तागच हाताला लागायचा.

आणि एक गोष्ट झाली, ती मला तेव्हा फार जड गेली. सासू माझ्याशी चांगली वागू लागली. पाणी ती आणायची, चूल ती पेटवायची. माझ्या बोटांना भेगा पडल्या तर रात्री लोणी चोळून द्यायची. शनिवारी माझं डोकं मांडीवर घेऊन तेल घालायची. तेवढा लाड माझा माहेरीही झाला नव्हता. विहिरीवर जाते म्हटलं तरी म्हणायची, बस गं, मी आहे ना. शेतावर जाते म्हटलं, उन्हात कशाला. मला ओरडून भांडता आलं असतं तर दार सापडलं असतं. तिनं भांडायला जागाच ठेवली नाही. एक चांगली बाई माझ्यासाठी राबत होती आणि मला त्या घरात श्वास घेता येत नव्हता.

द्वारका यायची. तिला वळायला बंदी होती, पण कापसातली सरकी काढायला चालत होतं. मोकळं कपाळ घेऊन ती माझ्यापुढं बसायची आणि सरकी वेगळी करायची. एकदा म्हणाली, "पाह्य, कसं हाये. माहा गेला तं मी सुटली. तुहा गेला तं तू बांधली गेली." मी म्हटलं, असं बोलू नये. ती म्हणाली, मग काय बोलू?

संक्रांत झाल्यावर भाऊ आला. मी ओसरीवरून उठले नाही, जुडी अर्धी होती. त्यानं माझ्या मनगटाकडं पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. सासूला तो पुष्कळ बोलला. लेकाचा संसार तिकडं चालू आहे, हिला कशाला जाळता, असंही बोलला, जे आजवर तिच्या तोंडावर कोणी बोललं नव्हतं. सासूनं ऐकून घेतलं, गुळाचा चहा त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "घेऊन जा न, बापा. मी अडवलं नाई. तेवढा दोरा तुमच्या हातानं तोडा."

भाऊ दोऱ्याकडं बघत राहिला. तो देवभोळा माणूस. त्याचं पोर आजारी होतं त्या दिवसांत. त्यानं चहा घेतला आणि हात मागं घेतला.

निघताना तो आपला उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होता. शिवरात्रीनंतर जागा जाईल. शिवरात्रीच्या दिवसांत गाडीही मिळायची नाही, नदीच्या वाळवंटात जत्रा भरते, डोंगेवाला सांगत होता की मागल्या साली दहा हजार बाया नुसत्या न्हायला आल्या होत्या.

माझ्या हातातली वात तुटली.

दुपारी सासू कडब्याला गेली तशी मी उठले आणि शाळेत गेले. शाळा नदीच्या अलीकडं होती, तेवढी मला मुभा होती. गुरुजी भाकर खात बसले होते. मी विचारलं, तुमच्या त्या दुसऱ्या दारातून एकीच्या वाट्याला किती येतात?

"कोणतं दुसरं?"

"नऊ हजारांचं."

"अकरा," ते म्हणाले. आणि घास तसाच हातात ठेवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "अकराच येतात, पोरी."

जत्रा नदीच्या अलीकडच्या वाळूत भरायची. तिथं जायला दोरा आडवा येत नव्हता. वाटा साऱ्या आकड्याचा नव्यानं पडणार होता, तेव्हा किसनच्या बायकोच्या जागेवर बसल्याचा दोषही कोणाला लागणार नव्हता. मी सासूला हे सांगितलं तेव्हा ती भाकर थापत होती. तिचा हात थांबला नाही. म्हणाली, लोकांच्या बाया आपल्यासाठी कशाला बसतील. मग म्हणाली, मोजणार कोण. मग म्हणाली, मी देवाला विचारीन. आठ दिवस तिनं देवाला विचारलं.

शेवटी द्वारकानंच तोंड उघडलं, तेही ओसरी भरलेली असताना. सरकी काढता काढता, मान वर न करता.

"आत्याबाई, पावणेतीन वर्षांचं काम दोन दिवसांत होते म्हणते हे पोरगी. तुमाले लेक लवकर यावा वाटत नाई का?"

तिथं नऊजणी ऐकत होत्या. सासू उठून आत गेली आणि कापसाची टोपली आणून ओसरीच्या मधोमध ठेवली.

मोजायची युक्ती गुरुजींची. तुरीचे नऊ हजार एक्याण्णव दाणे मोजून टोपल्यांत घातले. जी सवाष्ण अकरा वाती वळेल तिनं एक दाणा उचलायचा आणि पदराला बांधून घरी न्यायचा. दाणे संपले की नवस फिटला. गल्लीतल्या नऊजणी आणि मी, दहा ठिकाणी कापूस घेऊन बसलो.

पहिल्या सकाळी मला धास्ती होती की कोणी फिरकणार नाही. पण वात वळायला बाईला सांगावं लागत नाही. एक बसली, तिला पाहून दुसरी बसली, आणि दुपारपर्यंत वाळूवर ओळी लागल्या. डोंगराकडच्या गोंड बाया आल्या, पानमळ्यांच्या बारिणी आल्या, तेलणी आल्या, हवालदाराची बायको चपला काढून बसली. लेकुरवाळ्यांनी पोरं एकमेकींच्या मांडीवर दिली. कशासाठी आहे, असं विचारायच्या. नवरा येत नाही म्हणून, असं सांगितलं की काही जणी दाणा घट्ट बांधून मुकाट जायच्या. एक ठसक्यात म्हणाली, "माहा तं रोज येते वं, त्याच्यावर काही नवस असन तं सांग." ती ओळ बराच वेळ हसत होती.

दुसऱ्या दिवशी दिवस कलायला लागला तेव्हा गुरुजींनी साऱ्या टोपल्यांचे उरलेले दाणे एकीत आणले. मग मूठभर राहिले. मग बोटांवर मोजण्याइतके. भाऊ डोंग्यापाशी येऊन उभा होता. गल्लीतल्या नऊजणींनी आपल्या अकरा अकरा वळल्या आणि आपले दाणे घेतले. गुरुजी म्हणाले, आता एकच राहिला, तो हिचा. हिनं अकरा वळल्या की झालं.

मी नदीत हातपाय धुतले आणि येऊन बसले. अकरा वातींचा कापूस टोपलीत होता. दाणा मात्र नव्हता.

तो सासूच्या मुठीत होता. ती माझ्यासमोर वाळूत बसली होती, मूठ मांडीवर ठेवून. बाया हळूहळू बाजूला झाल्या. गुरुजीही टोपल्या गोळा करायला गेले.

मी म्हटलं, "आत्याबाई, द्या."

"पुरा झाला तं तो येईन," ती म्हणाली.

"त्यासाठीच तर बोलला होता तुम्ही."

तिनं मान हलवली, नाही म्हणून. नदीकडं बघत बोलली, मला सांगते आहे की नदीला, हे कळू नये असं. "त्याले आणून मी काय करू? आला तं पहिलं मले मारन, मंग तुले. तुहा भाऊ भाऊबीजेले बोलून गेला, तईपासून मले झोप नव्हती. ह्या घरात मी एकटी मरन, कोणाले कळणार बी नाई, असं वाटे. म्हटलं, लाखाचं बोलू. पोरगी लवकर उठत नाई." मग म्हणाली, "ते एवढ्या बाया येऊन बसल्या, कोणाच्या कोण. त्यांनी इचारलं, कोणासाठी. मी तुहा नवराच सांगितला. खोटं सांगितलं देवाच्या वाळूत."

मला राग यायला हवा होता. तो नंतर आला, पुष्कळ वर्षं येत राहिला. त्या वेळी मी तिच्या मुठीकडं बघत होते. ती मूठ उघडल्याशिवाय मला नदी नव्हती.

"मग आता?" मी म्हटलं.

तिनं माझा हात ओढून जवळ घेतला. दोन गाठी होत्या, नखानं सुटेनात. तिनं खाली वाकून दोरा दातात धरला आणि तोडला. तिच्या तोंडाचा ओलावा माझ्या मनगटाला लागला. दोरा थुंकून टाकला तिनं वाळूत.

"आता जाय. नवस अपुरा राहू दे. अपुरा राहिला तं देवाले त्याले धाडायचं काही काम नाई. पाप लागलं तं बोलणारीले लागते, वळणारीले नाई."

"आणि ह्या एवढ्या वाती?"

"रोज एक लावीन. माह्या जन्माले पुरतील."

तिनं तो दाणा तोंडात टाकला आणि दाढेखाली फोडला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली, गुरुजींना हाक मारून पोती गाडीत घालायला सांगितली, आणि माझ्याकडं पाठ करून गाडीमागं चालू लागली. वाळू पायाला तापत नव्हती, तरी भराभर चालत होती. भाऊ डोंग्यातून मला हाका मारत होता.